आई-टाकी निवळली तो दिवस

पोसो सालादोच्या माणसासमोर पाणी ठेवा, तो आधी त्याचा रंग बघेल आणि मग आपली तहान. आमच्या गावाचं हे वळणच आहे. एका अंगाला सेचुरा वाळवंटाची वाळू, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि मधून कालव्याचं पाणी येतं ते कधी दुधाच्या चहासारखं, कधी कालवलेल्या मातीसारखं. म्हणून इथे प्रत्येक दारात एक रांजण असतो आणि प्रत्येक कुंपणाला फड्या निवडुंग. निवडुंगाचा फड तोडायचा, त्याचे काटे जाळायचे, उभा चिरायचा आणि बादलीत भिजत घालायचा. तारा सुटणारा बुळबुळीत चीक उतरला की ते पाणी रांजणात ओतून काठीने ढवळायचं. मग गप्प बसायचं. गाळाचा कण गाळाच्या कणाला धरतो, जड होतो, तळाशी जातो. वर उरतं ते प्यायचं.

तोमासा पुरिसाकाला हे तिच्या आईने शिकवलं. "आधी भांडल्यासारखं ढवळ, मग पाळणा हलवल्यासारखं," आई सांगायची. "भांडण अर्धवट सोडलंस तर चीक सगळीकडे पोचत नाही. पाळणा घाईने हलवलास तर धरलेला गाळ सुटतो." तोमासाच्या रांजणातलं पाणी इतकं नितळ असायचं की लग्नाला, चिचाच्या दारूसाठी मका भिजवायला, तान्ह्या बाळाला पहिला घोट पाजायला लोक तिच्याकडून न्यायचे. तिला त्याचा अभिमान होता आणि तो तिने कधी झाकून ठेवला नाही.

तरी तिचा लिनो गेला तो पाण्यानेच.

ज्या वर्षी समुद्र तापला आणि वाळवंटावर पाऊस कोसळला, त्या वर्षीची ही गोष्ट. कालवा फुटला, गावाभोवती डबकी साचली. वाळूत पाणी बघून पोरं नाचली. पुढे ऊन पडलं आणि डबकी हिरवी झाली. तोमासा बाजाराला गेली होती. लिनो चार वर्षांचा, खेळून तहानलेला. घर दूर आणि डबकं पायाशी. ओंजळ भरून प्यायला. अंधार पडेपर्यंत त्याच्या अंगातलं सगळं पाणी निघून गेलं होतं. दवाखान्याचा रस्ता पुराने तोडला होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला एक हिरवी रेघ राहिली होती. तोमासाने ती आपल्या रांजणातल्या पाण्याने पुसली.

तेव्हापासून तिला हिरवं पाणी बघवेना. कोंबड्यांच्या थाळीत जरा शेवाळ धरलं तरी ती थाळी आपटून फोडायची. नवरा म्हणायचा, "अगं, घास की!" ती म्हणायची, "घासून रंग जातो, आठवण जात नाही." आणि नवी थाळी आणायची.

अशा बाईच्या गावात हिरव्या पाण्याचा कारखाना आला.

मिठागरांच्या कडेला लांबट तळी खणली. त्यात पाणी सोडलं, पाणी फिरवायला चाकं बसवली, आणि बघता बघता ती तळी पोपटाच्या पाठीसारखी झाली. तोमासा कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि तिथेच थिजली. सोबत रुफिना पिंगो होती. रुफिना तिची कोमाद्रे. लिनोच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर धरणारी, त्याची धर्ममाता. चिचा विकायची, आणि तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा.

"हे आपोआप झालं?" तोमासाने विचारलं.

"आपोआप कुठलं! खत घालून वाढवतात. अगदी बारीक शेवाळ आहे म्हणे, डोळ्याला एकेकटं दिसत नाही. त्याचं तेल काढायचं आणि होड्यांची इंजिनं चालवायची."

"शेवाळावर होडी?"

"का नाही? तुझा नवरा चिचावर चालतोच की."

तोमासा हसली नाही. ती घरी गेली, रांजणाचं झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं.

मग एक दिवस तिने कुंपणातून वेगळंच बघितलं. तळ्यातलं हिरवं पाणी एका खोल टाकीत घेतलं होतं. इंजिनियर बाईने त्यात काहीतरी ओतलं. ढवळण्याचं यंत्र आधी जोरात फिरलं, मग हळू. आणि दूध फाटावं तसं ते पाणी फाटलं. हिरव्याचे ठिपके झाले, ठिपक्यांचे गोळे, गोळे डुलत डुलत तळाला गेले. वर नितळ.

"काय घातलं त्यात?" तोमासा कुंपणावरून ओरडली.

"कोळंबीच्या टरफलांची पूड, व्हिनेगरमध्ये विरघळवून," इंजिनियर बाई म्हणाली. तिचं नाव येसेनिया आल्कांतारा, पिउरा शहरातली पोर. अंगाने काटकुळी, कामात कडक, उन्हाने नाक सोललेलं. "हे कण एकमेकांना लांब ढकलत असतात, भांडलेल्या भावकीसारखे. ही पूड त्यांना एकमेकांचा हात धरायला लावते. मग जड होऊन बसतात खाली."

"आमचा निवडुंग हेच करतो."

"करतो ना. वाचलंय मी त्याच्यावर. पण त्याचा चीक शेवाळात राहतो आणि तेल काढताना पुढे घोटाळा करतो. इथे तो आणायचा नाही हं, मावशी."

दुसऱ्या दिवशी तोमासा काम मागायला गेली. गावाने तोंडात बोटं घातली. ज्या बाईने हिरव्या रंगापायी थाळ्या फोडल्या, ती हिरव्या पाण्याच्या चाकरीला! तिने कोणाला कारण दिलं नाही. पण तिचा नवरा सांतोस सांगायचा, "हिरवं हरताना बघायला जाते ती. मी होडी घेऊन समुद्राला हरवायला जातो तसं."

काम तिला जमलं, पण पचायला वेळ लागला. घरी ती गाळ फेकायची आणि पाणी ठेवायची. इथे उलट. ते काचेसारखं पाणी नळीने परत तळ्यात सोडून द्यायचं आणि तळचा हिरवा रेंदा फावड्याने कापडावर ओढायचा, पिळायचा, पत्र्यावर वाळवायचा. पहिल्यांदा नितळ पाणी पुन्हा घाणीत जाताना बघून तिला राहवलं नाही. "वरचं का पिऊ नये?" तिने विचारलं. येसेनिया वळली आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "यात खत आहे. शेवाळ खाणारे किडे मारायचं औषध आहे. ते दिसत नाही आणि खाली बसतही नाही. एक थेंब तोंडात जाऊ द्यायचा नाही." तोमासाने मान डोलावली. ऐकलं तिने. पण नितळ पाणीसुद्धा वाईट असतं ही गोष्ट तिच्या कानात शिरली, हाडात शिरली नाही.

कारखान्यात पत्र्याच्या सावलीखाली एक गोल, कमरेइतकी उंच सिमेंटची टाकी होती. तिला सगळे आई म्हणायचे. बाकीची तळी दूध, तर ही टाकी विरजण. तळ्यात रोग पडला, किडे पडले, की तळं रिकामं करून धुवायचं आणि या टाकीतलं हिरवं नेऊन पुन्हा लावायचं. हिच्यात हवेचे बुडबुडे सतत चालू असायचे, म्हणजे हिरवं तरंगत राहावं, उजेड खात राहावं. बाकी सगळं निवळवायचं, आईला निवळू द्यायचं नाही.

"आणि निवळली तर?" तोमासाने एकदा विचारलं.

"तर तळाशी गुदमरून सडेल ती. मग कुलूप लावून आपण सगळे घरी," येसेनिया म्हणाली.

त्या कुलपामागे गावातल्या बऱ्याच चुली होत्या. म्हणून सणासुदीला आईला सांभाळायचं काम तोमासाकडे असायचं. ती कधी चुकली नव्हती.

सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे गेलेल्यांना आठवायच्या सणाची, आदली दुपार. येसेनिया सणाला पिउराला आईकडे गेली होती. उद्या दुपारी परत येणार होती. तोमासाच्या घरी सकाळपासून नुसता निवडुंग चालला होता. कबरीवरच्या फुलांना पाणी, येणाऱ्या पाहुण्यांना पाणी, शेजारच्या म्हाताऱ्यांना पाणी. फडावर फड चिरून तिने बादली दाट केली होती, इतकी की चीक बोटावरून तुटत नव्हता. रांजण भरले, बादली उपडी केली आणि ती कामावर निघाली. कारखान्यातल्या बादलीची कडी तुटली होती हे तिला आठवत होतं, म्हणून जाताना आपली बादली घेतली.

टाकीपाशी पोचते तोच वीज गेली. बुडबुडे थांबले. आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, यात नवल नाही. अशा वेळी हाताने ढवळायचं हे ठरलेलं. तोमासाने टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन खत कालवलं, टाकीत ओतलं, लाकडी वल्हं घेतलं आणि ढवळायला लागली. मनात लिनो होता. उद्या त्याचा दिवस. हात आपोआप चालले. आधी जोरात. मग हळू, आणखी हळू.

अंधारायला आलं तेव्हा वीज आली, बुडबुडे सुरू झाले. ती घरी गेली. रात्री वीज पुन्हा गेली ते गावात कोणालाच कळलं नाही. सगळे झोपले होते.

सकाळी आमच्या चौकात देवदूतांचा बाजार भरतो. ज्या आईचं लेकरू लहानपणी गेलं, ती त्या सकाळी चौकात येते आणि त्याच वयाचं, त्याच अंगलटीचं लेकरू शोधते. सापडलं की त्याच्या गळ्यात कापडी पिशवी घालते. पिशवीत गोड पाव, खोबऱ्याच्या वड्या, रताळ्याचे गोळे. "माझ्या देवदूतासाठी," एवढंच म्हणते. गेलेलं लेकरू दरवर्षी तेवढ्याच वयाचं राहतं, म्हणून दरवर्षी नवं पोर शोधावं लागतं. यंदा तोमासाने रुफिनाचा नातू एदेर आधीच हेरून ठेवला होता. चार वर्षांचा, काळसर, केसांना भोवरा. लिनोसारखा.

पिशवी खांद्याला, घरच्या पाण्याची बाटली काखेत, अशी ती आधी टाकीकडे वळली. बुडबुड्यांचा आवाज येत नव्हता. तिने पावलं उचलली. पत्र्याखाली गेली, पिशवी खुंटीला अडकवली, बाटली भिंतीच्या कट्ट्यावर टेकवली, टाकीत वाकली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

टाकी रिकामी होती.

कोणीतरी आई उपसून नेली! तिने हात आत घातला आणि तो कोपरापर्यंत ओला झाला. पाणी होतं. इतकं नितळ की दिसतच नव्हतं. टाकीच्या भिंतीला आतून निळा रंग होता. इतके दिवस काम करून तिने तो कधी बघितला नव्हता. तळाशी हिरवी चादर, सुरकुतीसुद्धा नाही. आणि वर तिचा स्वतःचा चेहरा, तोंड उघडं.

काठ धरून ती खाली बसली. बोलायचं तिने ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं, "लिनो."

"कोमाद्रे!" रुफिनाचा आवाज आधी आला, मग रुफिना, मग तिच्या हाताला लोंबकळत एदेर, पांढऱ्या सदऱ्यात. "अगं, देवदूत चौकात उभा राहून वाळला आणि तू इथे पाण्याला पाळणा..." ती टाकीपाशी आली. "पाणी कुठे गेलं?"

"आहे."

रुफिनाने बघितलं. पदर नसतो आमच्या बायकांना, पण असता तर तिने तो तोंडात कोंबला असता. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"कोणी केलं?"



"आजचाच दिवस," रुफिना हळू आवाजात म्हणाली. तिला आयुष्यात हळू बोलता आलं नव्हतं. "हिरवंच पाणी. आणि तुझीच टाकी. तोमासा... माझा लिनो येऊन गेला गं."

आणि ती पळत सुटली. तिची हाक चौकापर्यंत ऐकू गेली. तोमासा तिला थांबवू शकली असती. पण तिला ते पुन्हा ऐकायचं होतं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

गाव लोटलं. मेणबत्त्या आल्या, कागदाची फुलं आली, तेलाच्या, सरबताच्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आल्या. कासिमिरो आला. हा आमचा प्रार्थना सांगणारा म्हातारा, मयतीला आणि नवसाला त्याच्यावाचून चालत नाही. त्याने टोपी काढली, काठावर डोकं टेकलं, ओंजळ बुडवली आणि घोट घेतला.

"खारट!" त्याचा आवाज फाटला. "ऐका रे! खारट आहे! आईची आसवं आहेत ही!"

बायकांनी हंबरडा फोडला. ते पाणी वाळवंटातल्या विहिरीचं, मुळातच मचूळ, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या घटकेला कोणालाच माहीत नव्हतं.

तोमासाला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनीही. तिचं अंग सुन्न होतं आणि आत कुठेतरी, फार खोल, एक उबदार ठिणगी पेटली होती. पोराला हिरव्या पाण्याने नेलं होतं. पोर परत आलं आणि हिरव्या पाण्यालाच खाली बसवून गेलं. आईच्या हाताचा गुण घेऊन गेलं होतं, तोच चालवून गेलं. तिला रडू येईना, एवढं बरं वाटत होतं.

"पाणी काढायला काहीतरी द्या," गर्दीतून कोणी ओरडलं. "ती बादली आण गं, तोमासा!"

ती कोपऱ्यात गेली. आपली बादली उचलली, आणि बोटं घसरली.

बादली आतून बुळबुळीत होती. तळाशी निवडुंगाची एक फोड चिकटली होती, कडेने वाळलेली, आणि तिच्याभोवती हिरव्याचा गोळा धरला होता, शेंगदाण्याएवढा.

तोमासाच्या पायाखालची वाळू सरकली.

आमच्याकडे निवडुंगाची बादली कोणी धुवत नाही. घरातली सगळी भांडी धुतात, तेवढी ती नाही. ती दुसऱ्याला स्वच्छ करणारी. तिला काय धुवायचं? जितका चीक मुरलेला तितकी बादली गुणाची. तोमासाच्या आईने धुतली नाही, आजीने धुतली नाही. काल तिने त्याच बादलीत खत कालवलं होतं. फोडींसकट ओतलं होतं. आणि मग आपल्या हातांनी, आधी भांडल्यासारखं, मग पाळणा हलवल्यासारखं. पुढचं काम थांबलेल्या बुडबुड्यांनी केलं होतं.

ठिणगी विझली. विझताना चटका बसला.

कोणी बघितलं नव्हतं. बादली वाळूने घासली की संपलं. येसेनिया आली की तिला देवाच्या नावाने गप्प बसवायला अख्खं गाव होतं. गावाला चमत्कार मिळत होता, तिला पोरगा. तोमासाने वाळूची मूठ भरलीसुद्धा.

"लेकरं आधी!" कासिमिरो मागून ओरडत होता. "देवदूतांचा दिवस आहे, देवदूतांना आधी पाजा!"

तिने वळून बघितलं. आया आपापली पोरं पुढे सारत होत्या. सगळ्यांत पुढे रुफिना, हातात चिचाची भोपळ्याची वाटी, काठोकाठ भरलेली. एदेरने मान वर केली होती. वाटी त्याच्या ओठांना लागली होती.

तोमासा कशी पोचली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिच्या हाताचा फटका बसला, वाटी उडाली, एदेरचा सदरा भिजला आणि त्याने भोकाड पसरलं.

"वेड लागलं का तुला?" रुफिना किंचाळली.

"तोंड पूस त्याचं! कोणी पिऊ नका! औषध आहे त्यात, किडे मारायचं! खत आहे!"

"होतं. आता नितळ आहे. डोळे फुटले का तुझे?"

गर्दी हो म्हणाली. आमच्या गावात नितळ म्हणजे चांगलं. पाण्याची दुसरी परीक्षा कोणी कोणाला शिकवलीच नव्हती, आणि ही एक परीक्षा शिकवणाऱ्यांत तोमासा पहिली होती. तिच्या रांजणाकडे बोट दाखवूनच आया पोरींना सांगायच्या: बघ, असं दिसलं पाहिजे.

तिने बादली वर धरली. "हिच्यामुळे झालंय. निवडुंगाची बादली आहे माझी. न धुता खत कालवलं काल. मीच निवळवली टाकी. कोणी आलं नव्हतं."

मग मागून कोणी बाई म्हणाली, "पाणी एकटीलाच ठेवायचंय तिला. आमच्या पोरांना नको." दुसरी म्हणाली, "कारखान्याचं मीठ खाते ना!"

कासिमिरो गुडघ्यांवरून उठला. त्याचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. "पोरी, इतकी वर्षं त्याला हाका मारल्यास. आज तो दारात आला, आणि तू त्याला बादली दाखवतेस?"

तोमासाचं खरं बोलून झालं होतं आणि ते कोणाला नको होतं. तिलाही नको होतं. समोर एक पोर पुन्हा टाकीच्या काठाशी जाऊन वाकलं होतं.

तिने वल्हं उचललं. पोराला बाजूला केलं. वल्हं तळापर्यंत खुपसलं आणि ढवळलं.

भांडल्यासारखं ढवळलं. आयुष्यात कधी कोणाशी भांडली नसेल तशी भांडली. हिरवी चादर फाटली, तिचे लगदे वर आले, लगद्यांचे तुकडे, तुकड्यांचा चुरा. निळी भिंत बुडाली. मेणबत्त्या काठावरून पाण्यात पडल्या. बघता बघता ते काचेसारखं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डबकं झालं, तेच डबकं, त्याच वर्षाचं. बायका मागे सरल्या. कोणीतरी क्रूसाची खूण केली. एदेर रडायचा थांबला आणि डोळे मोठे करून बघत राहिला.

तोमासा थांबली नाही. बोलली ती वल्ह्याच्या तालावर, मान खाली घालून. "बघा. इथेच होतं. गेलं नव्हतं. नुसतं खाली बसलं होतं."

पहिल्यांदा एका म्हातारीने बाटली उलटी केली. मग एकेकाने. वाळूने पाणी पिऊन टाकलं, डागसुद्धा ठेवला नाही. कासिमिरोने टोपी घातली आणि निघून गेला. त्या घोटाने त्याचे सणाचे उरलेले दिवस परसाकडेच गेले, पण त्याने ते कधी कबूल केलं नाही. म्हणायचा, चिचा शिळी होती.

रुफिना तेवढी उरली, एदेरला धरून. तिची बाटली तिने छातीशी घट्ट धरली होती.

"मी त्याला हातावर घेतलं होतं, तोमासा. बाप्तिस्म्याला."

"माहीत आहे."

"थोडा वेळ राहू द्यायचं होतंस. आजचा दिवस तरी."

"एदेर प्यायला असता, रुफिना. वाटी ओठाला होती."

रुफिनाने बाटली ओतली नाही. बूच लावून भिंतीच्या कट्ट्यावर ठेवली.

तेवढ्यात येसेनिया आली. बसमधून उतरून ती थेट इकडेच आली होती, हातात आईने दिलेला डबा. मेणबत्त्या, कागदाची फुलं, ओली वाळू, आणि वल्हं मारणारी तोमासा. ती जागीच उभी राहिली.

"काय झालं?"

"निवळली होती, इंजिनियर बाई. माझ्या निवडुंगाच्या बादलीने. तुम्ही सांगितलं होतं आणू नको म्हणून." तोमासाचं वल्हं थांबलं नाही. "मला काढा हवं तर. पण आधी सांगा, जगेल का?"

येसेनियाचं तोंड पांढरं पडलं. डबा वाळूत ठेवला. टाकीतून हिरव्याचा एक गोळा उचलून बोटांत चोळला, वास घेतला, उजेडात धरला.

"सडका वास नाही," ती शेवटी म्हणाली. "रात्रीतच बसलंय. किती जिवंत आहे ते आत्ता नाही सांगता येणार. थांबू नका. गोळे फुटू द्या. वीज येईपर्यंत हात थांबता कामा नये, मी पालटून घेते." आणि ती दुसरं वल्हं शोधायला शेडमागे धावली. जाता जाता तिने डोळे पुसले ते तोमासाने बघितलं.

आई जगली ते पुढे कळलं. बरेच दिवस फिकट होती, आजारातून उठलेल्या माणसासारखी. त्या दुपारी कोणालाच ते माहीत नव्हतं. तेव्हा फक्त वल्ह्याचा आवाज होता.

"पिशवी," रुफिना एकदम म्हणाली. "पोराची पिशवी राहिली."

"खुंटीला आहे. माझे हात मोकळे नाहीत."

रुफिनाने पिशवी काढली आणि एदेरच्या गळ्यात घातली. मग ती थांबली. शब्द आईनेच म्हणायचे असतात. तोमासाने पोराकडे बघितलं. ओला सदरा, केसांचा भोवरा, गालावर वाळलेलं रडू.

"माझ्या देवदूतासाठी," ती म्हणाली, आणि वल्हं एकदा चुकलं.

एदेरने रताळ्याचा गोळा काढला, तोंडात कोंबला. मग वडी, मग पाव. गोडाने त्याला ठसका लागला. "आजी, पाणी," तो म्हणाला आणि कट्ट्याकडे गेला.

कट्ट्यावर दोन बाटल्या होत्या. एक तोमासाने सकाळी घरून आणलेली, रांजणातली. एक रुफिनाची. दोन्ही सरबताच्या, दोन्हीत पाणी बूच लावलेलं, आणि दोन्ही पाणी सारखं नितळ.

"रुफिना!" तोमासा ओरडली.

रुफिनाने पोराचा हात वरच्यावर धरला. बाटल्यांकडे बघितलं. एक उचलली, उन्हात धरली, ठेवली. दुसरी उचलली, धरली.

"तुझी कुठली गं?"

तोमासाने लांबूनच निरखलं. तिने आयुष्यभर डोळ्यांनी पाणी ओळखलं होतं. ती बघत राहिली, आणि तिला ओळखता येईना.

"ओत," ती म्हणाली.

"कुठली?"

"दोन्ही."

"दोन्ही?"

"दोन्ही ओत, कोमाद्रे. त्याला घरी ने, माझ्या रांजणातलं दे. आणि देण्याआधी तू पी."

रुफिनाने एक बूच काढलं. वाळूत पाणी ओतलं. मग दुसरं बूच काढलं, जरा थांबली, डोळे मिटले आणि तीही बाटली उलटी केली. मग एदेरला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. पोर तिच्या खांद्यावरून मागे, हिरव्या पाण्याकडे बघत होतं.

तोमासा ढवळत राहिली.